झारीत ठेवलेले मीठ

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची झारी आहे. हल्ली मला चिंच लावून लख्ख घासतात आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात मांडून ठेवतात. पाहुणे "किती सुंदर!" म्हणतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते ऐका.

रोह्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. पेणजवळच्या खाडीकाठी टेकडीवर एका शेठजींचा जुना बंगला आहे, तिथे मी आले. तिथल्या बागेतून मिठागरांचे पांढरे ढीग दिसतात. हिरामण माळी मला लेकीसारखे जपायचा. सगळी बाग माझ्या पाण्यावर जगते, असा माझा तोरा होता.

सव्वीस जानेवारीला बंगला लोकांना पाहायला खुला असे. १९९४ साली त्या दिवशी हिरामणची बहीण सगुणा आली. ती मिठागरावर राबायची. हंगामाचे पहिले मीठ तिने भावासाठी फडक्यात बांधून आणले होते. मीठ हातात देऊ नये, भांडण होते, असे आमच्याकडे मानतात. हिरामण पाहुण्यांना बाग दाखवण्यात गुंतला होता. तिने ती पुरचुंडी माझ्या पोटात ठेवली. झारी भावाशिवाय कोण उचलणार! जाताना सांगू असे तिने ठरवले, पण खालून परतीच्या टेंपोचा हॉर्न वाजला आणि ती न सांगताच पळाली.

त्या संध्याकाळी हिरामण पाहुण्यांतून मोकळा झालाच नाही. बागेत काम करणाऱ्या ठमाबाईने मला हौदात बुडवले आणि गुलाबाच्या नव्या कलमांना पाणी घातले. ते खारे पाणी माझ्याच तोंडातून गेले.

पाचव्या दिवशी कलमे करपली. बंगल्याचे व्यवस्थापक ठमाबाईवर ओरडले, "काय ओतलंस मुळांशी?"

"पानीच घातलं सायेब, देवाशपथ!"

तिला त्याच दुपारी कामावरून काढले. गाठोडे घेऊन ती फाटकाशी उभी होती, तेव्हा माझी नळी तुंबली म्हणून हिरामणने काडी घातली. बाहेर आले ते सगुणाच्या लुगड्याचे हिरवे फडके. त्याने ते जिभेला लावले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हिरामण, तू तरी सांग रे! मी काय केलंय?" ठमाबाई म्हणाली.

त्याने फडके खिशात कोंबले आणि मला घेऊन तो हौदाकडे वळला. ठमाबाई खांब गावी लेकीकडे निघून गेली.

पुढच्या वर्षी सगुणा पुन्हा आली. "दादा, झारीतलं मीठ गावलं ना रं? कसं व्हतं?"

"गोड व्हतं गो," हिरामण म्हणाला. ती हसली. त्याला मात्र माझ्याकडे बघवेना. त्यानंतर त्याने मला कधी हात लावला नाही.

मित्रांनो, भांडे भरण्याआधी आत डोकावत जा. आणि आपल्या चुकीपायी दुसऱ्यावर आळ आला, तर गप्प बसू नका. मला तोंड असून बोलता आले नाही, तुम्हांला येते. कधी खांबला गेलात, तर ठमाबाईला शोधा आणि माझा एवढा निरोप सांगा: तू पाणीच घातले होतेस, बाई.