बावीस पायऱ्यांची बारव

मित्रांनो, मी औशाजवळच्या एका गावातली जुनी बारव. किती जुनी, ते मलाही नक्की ठाऊक नाही. काळ्या दगडाच्या बावीस पायऱ्या आणि भर उन्हाळ्यातही गार पाणी, याचा मला भारी तोरा होता. चांदपाशा पखालवाला रोज सकाळी माझ्याकडून पखाल भरून घरोघरी पाणी घाली. "अशी बारव कुठंच न्हाई," असं तो म्हणाला की मी फुलून जाई.

त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं, माणसं गेली. माझा एक चिराही हलला नाही. पण लोकांनी दगडाचा धसकाच घेतला. पडक्या घरांचे दगड डोळ्यांसमोर नकोत म्हणून त्यांनी ते माझ्यातच लोटले. त्या ढिगात उंबरे गेले, पाटे गेले, जातीसुद्धा गेली. मी राग धरला नाही. पण माझ्या तीनच पायऱ्या वर उरल्या.

पुढे लातुरात क्लासेस वाढले, मुलांना राहायला जागा पुरेना. तेव्हा सरपंच अमृतरावांनी मला बुजवून वर मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरवलं. मुरमाचा ट्रॅक्टर माझ्या काठाशी येऊन उभा राहिला. इतक्यात चांदपाशाची म्हातारी बायको, खातूनबी, माझ्या पायरीवर ठाण मांडून बसली.

"माझं जातं हाय खाली. ते काढून द्या, मग बुजवा."

अमृतराव हसले. "आजचा दिवस देतो, भाभी. सांजच्याला मुरूम टाकणार."

टिकाव-घमेली आली. दुपारी गावातल्या नागुबाईला कोपरा उडालेला पाटा दिसला. "अगं बया, माझ्या सासूचा!" म्हणत ती हसली आणि रडलीही. मग काय, अख्खं गाव माझ्यात उतरलं! दिवस कलला तेव्हा एक उंबरा वर आला. त्यावर खिळ्यानं कोरलेला वाकडातिकडा बैल होता. लहानपणी तो कोरल्याबद्दल अमृतरावांनी आईचा मार खाल्ला होता. ते त्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिले.

"ट्रॅक्टर परत न्या," ते म्हणाले.

बाराव्या दिवशी एकोणिसाव्या पायरीवर पाणी लागलं. पोरं नाचली, गूळ वाटला. वसतिगृह शेजारच्या पडीक जागेत झालं. आता लुंबिनी नावाची मुलगी माझ्या पायरीवर बसून हाडांची नावं घोकते. मलाही निम्मी पाठ झाली आहेत.

गूळ वाटला त्या दिवशी अमृतराव हळहळले, "भाभी, सगळ्यांचं निघालं. तुमचं जातं तेवढं राहिलं."

"ते घरीच हाय की. सकाळी डाळ भरडली त्याच्यावर."

"मग खाली हाय म्हणून का सांगितलं?"

"खाली बारव हाय म्हणले असते, तर उतरला असता का तुम्ही?"

अमृतराव पोट धरून हसले. मला हसता आलं असतं तर माझं पाणी एकोणिसाव्या पायरीपासून थेट वरपर्यंत आलं असतं.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझी एखादी बहीण बुजलेली असेल. कुणाचं जातं हरवायची वाट बघू नका. घमेलं घ्या आणि उतरा.