पाचच्या रेघेपर्यंत

मी औषधाच्या बाटलीबरोबर येणारं माप बोलतंय. बोटभर उंची, प्लॅस्टिकचं अंग आणि पोटावर उठावदार रेघा. नव्या बाटल्यांबरोबर नवी मापं येत गेली, पण आईला माझ्याच रेघा नीट दिसायच्या, म्हणून मी टिकलं.

घरातल्या पोरीला सगळे भिंगरी म्हणतात. चौथ्या वर्षी तिला फिट आली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ, पाचच्या रेघेपर्यंत. पहिल्याच दिवशी तिने मला भिंतीवर भिरकावलं. मी राग धरला नाही, चव खरंच वाईट होती.

संध्याकाळचं औषध बाबा द्यायचे. बाबा शिंपी. शिलाईला अर्धा इंच जास्त धरल्याशिवाय त्यांची कात्री चालत नाही. औषधातही ते असंच राखून वागायचे, रेघेच्या जरा खालीच थांबायचे. "एवढीशी पोर आणि वर्षानुवर्षं औषध, लिव्हरचं काय होईल?" असं स्वतःशीच पुटपुटायचे. मला सगळं दिसत होतं. पण मापाला नुसतंच तोंड असतं, जीभ नसते.

एका दुपारी दुकानात बटणं वेचताना भिंगरी पुन्हा कोसळली.

दवाखान्यात बाबांनी मान खाली घातली. "मीच थोडं कमी देत होतो. भीती वाटायची."

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "भीती वाटली त्यात काही चुकलं नाही. मला न विचारता कमी केलंत, ते चुकलं. त्रास होऊ शकतो म्हणून तर आपण रक्त तपासतो, वजन बघतो. ती पेंगते का, चिडते का, हेही सांगत जा मला."

तेव्हापासून बाबा चष्मा पुसून मला डोळ्यांसमोर धरू लागले. पुढे भिंगरी वर्गात पेंगायला लागली, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले. बाईंनी औषध हळूहळू बदललं आणि पोर पुन्हा टवटवीत झाली. त्या बाईंचे आणि खरं बोललेल्या त्या बापाचे मी फार आभार मानतं.

तीन वर्षं फिट आली नाही. मग बाईंनीच कित्येक महिने घेऊन औषध थोडंथोडं उतरवलं, आणि गेल्या महिन्यात बंद केलं. तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल तर एवढंच ऐका, मनातली धास्ती डॉक्टरांपुढे बोलून टाका.

काल संध्याकाळी बाबांनी सवयीने हाक मारली, "भिंगरे, औषध."

"बाबा, आता नाही ना घ्यायचं," ती आतून म्हणाली.

बाबा मला हातात घेऊन तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.