बाळंतिणीची बाज

सहदेवने शालिकराम सुताराच्या कानाखाली वाजवली ती बैलगाडीच्या चाकांवरून, आणि धानोऱ्यातले लोक भांडणाची सुरुवात तिथूनच सांगतात. मला ते पटत नाही. भांडण सुरू झालं ते आदल्या पावसाळ्यात, सहदेवच्या बायकोचं तान्हं पोर विंचवाने मारलं तेव्हा.

धानोरा म्हणजे मूर्तिजापूरच्या अलीकडचं, अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवरचं गाव. सहदेवची बायको सत्यभामा तिथे जमिनीवर गोधडी टाकून बाळंत झाली होती, गावातल्या सगळ्या बाया व्हायच्या तशीच. काळ्या मातीचं घर, बाहेर पावसाची झड, भिंतीत निम्म्यापर्यंत ओल. विंचू गोधडीखालून आला. पोर असं किंचाळलं की गोठ्यातले बैल दाव्याला हिसके देऊ लागले, आणि दिवस मावळायच्या आत ते निळं पडून गेलं. सहदेवने विंचू दगडाने ठेचला. मग विंचवाचं काही उरलं नाही तरी त्याच दगडाने जमीन ठेचत राहिला, बोटं फुटेपर्यंत. असा हा माणूस. राग नाकाच्या शेंड्यावर आणि दुःखसुद्धा रागाच्याच वाटेने बाहेर यायचं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा सत्यभामाने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"मले लुगडं नको, पाटल्या नको. मले बाज पायजे. यावेळेस म्या खाली निजत नाई."

आता बाज म्हणजे काय मोठी चीज? चार खूर म्हणजे पाय, चार दांडे आणि अंबाडीच्या दोरीची वीण. पण गावात बाज होती ती पाटलाच्या घरी, आणि बाळंतपणाला आपली बाज देणार कोण? विटाळ झालेली बाज परत घरात घ्यायची कशी, हा प्रश्न. तेव्हा सुताराकडून नवी करून घ्यायची, दुसरा रस्ता नव्हता. गावची रीतच होती. शेतकऱ्याने कुऱ्हाडीने झाड पाडावं, पण लाकडाला भोक पाडायचं ते सुतारानेच. त्याबद्दल सुगीला प्रत्येकाच्या खळ्यावरून सुताराच्या घरी ज्वारी जायची. शालिकरामचा बाप तीच ज्वारी खाऊन जगला आणि त्याचा आजाही.

पण ती वर्षंच उफराटी होती. तिकडे साता समुद्रापार अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला की लोक ज्वारीची शेतं मोडून कापूस पेरू लागले. कापूस वाहायला गाड्या हव्यात. अमरावतीचे व्यापारी गावोगावच्या सुतारांच्या दारात बसून गाड्या करून नेऊ लागले. शालिकराम आणि त्याचा धाकटा भाऊ किसन, दोघांना जेवायला सवड नव्हती. बाज पोळ्याला देतो म्हणाला, मग गणपतीत देतो म्हणाला, मग नवरात्रात. सहदेव ऐकून घेत होता. त्याने इतकं ऐकून घेतलं याचंच मला नवल वाटतं.

शेवटी तो शालिकरामच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"शालिक, पोट खाली उतरलं तिचं. बाज कधी देतो?"

शालिकराम चाकाचा आरा तासत होता. त्याने मानही वर केली नाही. "उद्या व्यापारी येऊन राहिला गाडी न्याले. तुह्या बायकोले म्हन, थोडी थांबून घे."

किसन खदखदा हसला. सहदेवने शालिकरामच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो चाकावर आडवा झाला. मग सहदेवने तयार चाक उचलून दगडी ओट्यावर आपटलं. दोन आरे निखळले. किसनने मागून लाकडी हातोडा घातला. सहदेवचं डोकं फुटलं, रक्त डोळ्यात आलं, आणि तसाच आंधळा होऊन तो दोघांना लाथा घालत राहिला. लोकांनी ओढून बाजूला केलं.

"माह्या खळ्यावर पाय ठेवशील तं तंगडं तोडीन!" तो ओरडला. "नाई पायजे तुही बाज. म्या करतो!"

लोक हसले. सहदेवने उभ्या जन्मात बसायचा पाटसुद्धा केला नव्हता.

घरामागे जुनी गाडी मोडून पडली होती. ती त्याने फोडायला घेतली. सागाचं पिकलेलं लाकूड, शालिकरामच्या बापाने केलेलं. पहिला घाव उसळून कुऱ्हाड त्याच्या नडगीत गेली. त्याने चिंधी बांधली, लाकडाला आईवरून शिवी दिली आणि दुसरा घाव घातला. लाकडाशी बोलावं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याला फक्त भांडता येत होतं. दांडे एकसारखे होईनात. एक लांब झाला म्हणून तोडला तर आखूड झाला, मग बाकीचे त्याच्या मापाला आणले, आणि बाज ठरवली होती त्याहून लहान झाली. सत्यभामा जड पोटाने समोर बसून तळपायांनी लाकूड दाबून धरायची.

"अवो, हळू. लाकूड पळून नाई जात," ती म्हणायची.

"तू चूप ऱ्हाय. धर फक्त."

भोकं पाडायला पटाशी नव्हती. सुतार देणार नव्हता, मागायला तो जाणार नव्हता. मग त्याने लोखंडी सळई गोवऱ्यांच्या निखाऱ्यात लाल केली आणि खुरांत खुपसली. धूर निघाला, लाकूड चरचरलं, भोक आरपार पडलं. सहदेव इतका खूश झाला की सुतारांची सगळी विद्या या एका सळईत मावते असं चारचौघांत सांगत सुटला. जळालेल्या भोकाच्या कडेला कोळसा उरतो आणि कोळसा भार धरत नाही, हे त्याला कोण सांगणार? दांडे भोकात खुळखुळले तेव्हा त्याने चिंध्या ठोसल्या. अंबाडीची दोरी दोघांनी मिळून विणली. विणून झाल्यावर तो बाजेवर चढून उड्या मारू लागला आणि सत्यभामा तोंडावर पदर धरून हसली. वेडीवाकडी का होईना, बाज उभी होती. मला त्याचं कौतुक वाटतं, हे सांगून टाकतो.

गावालाही वाटलं, आणि तिथेच बिघडलं. सहदेवने बाज केली तर आपण वखर का करू नये, असं दोघे-तिघे शालिकरामच्या तोंडावर बोलले. व्यापारी आज आहेत, उद्या भाव पडला की जातील, मग खायचं ते गावच्या खळ्यावरच, हे शालिकरामला चांगलं कळत होतं. त्यात बापाच्या हातची गाडी सहदेवने फोडली. बाप गेल्यावर त्याच्या हातचं एवढंच तर उरलं होतं. शालिकराम जेवणावरून उठला, लाकूड तासायचा वाकस उचलला आणि किसनला म्हणाला, "चाल. ती बाज गावात उभी नाई राहाले पायजे."

त्याच सकाळी सत्यभामाला कळा सुरू झाल्या होत्या. मैनाबाई सुईण आत होती आणि सहदेव अंगणात येरझाऱ्या घालत होता. दोन्ही भाऊ फाटकातून शिरले. दोघांच्या हातांत वाकस.

"बाज बाहेर काढ," शालिकराम म्हणाला.

"मांगं फिर, शालिक. आत बाळंतीण हाये."

"खोटं बोलून राहिला! काल म्या तिले डोईवर भारा घेऊन येताना पाह्यलं. माह्या बापाची गाडी फोडतो अन् बायकोच्या आड लपतो?"

सहदेव शालिकरामच्या अंगावर गेला आणि दोघे अंगणातल्या चुलीच्या राखेत पडले. किसनने वाकसाच्या बोथट बाजूने सहदेवच्या गुडघ्यावर हाणलं. हाड वाजलं. सहदेवने पडल्या पडल्या किसनची तंगडी ओढली, त्याला खाली घेतलं आणि त्याचा कान दातांत धरला. किसन गुरासारखा ओरडू लागला. तेवढ्यात शालिकराम सुटला. त्याने खांदा लावून दार फोडलं आणि आत गेला.

आत काय झालं ते सत्यभामा आणि मैनाबाई दोघींनी सारखंच सांगितलं, म्हणून मी ते खरं धरतो.

सत्यभामा शेवटच्या कळा देत होती. ती जोर करायची तशी बाज करकरायची, आणि दार फुटलं त्याच वेळी पायथ्याच्या खुराचं भोक ढासळलं. कोळसा भुरभुरला, दांडा निसटला, बाजेचा कोपरा खाली बसू लागला. मैनाबाईने एका हाताने सत्यभामाची मांडी धरली आणि दुसऱ्याने दांडा, पण म्हातारीच्या हातात किती बळ असणार? बाळाचं डोकं दिसू लागलं होतं. दारात वाकस घेतलेला माणूस पाहून सत्यभामाने दोन्ही हातांनी पोट झाकलं.

शालिकराम बाज मोडायलाच आला होता. त्यात शंका नको. पण त्याने बाईकडे पाहिलं नाही, त्याची नजर खुरावर गेली.

"अरे, भोक जाळलं याने," तो एवढंच म्हणाला.

मग तो गुडघ्यावर बसला, खांदा दांड्याखाली घातला आणि कोपरा वर उचलला. बाज सरळ झाली. मैनाबाईचा हात मोकळा झाला.

"धर बाप्पा, तसाच धर," ती म्हणाली.

त्याने खांद्यावर भार तोलून वाकस उलटा केला. खूर ठोकून परत दांड्यावर बसवायचा म्हणून त्याने हात वर नेला.

नेमका तेव्हा सहदेव दारात आला. फुटका गुडघा ओढत, तोंडात किसनचं रक्त, हातात कुऱ्हाड. त्याला दिसलं ते एवढंच: त्याची बायको, त्याची बाज आणि सुताराचा उगारलेला वाकस.

"नाई!" सत्यभामा किंचाळली. पण घाव सुटला होता. कुऱ्हाड शालिकरामच्या मानेत, खांद्यापाशी रुतली. तो आवाज न करता पुढे कलंडला, आणि त्याच्या खांद्यावर तोललेला कोपरा धाडकन खाली आला. सत्यभामा घसरली. बाळाचं डोकं बाहेर आणि अंग आत, आणि बाज कलत चाललेली.

"धर!" मैनाबाई ओरडली. "मेल्या, धर ते!"

सहदेव खाली कोसळला आणि शालिकराम होता त्याच जागी खांदा घालून त्याने दांडा उचलला. शालिकरामचं डोकं त्याच्या मांडीला लागून होतं आणि रक्त कढत कढत त्याच्या धोतरात उतरत होतं.

"तो तुले मारत होता," सहदेव धापा टाकत म्हणाला.

"नाई," सत्यभामा म्हणाली. "त्यानं धरली होती. पडत होती बाज, त्यानं धरली होती."

सहदेवने खुराकडे पाहिलं. काळं भोक, त्यातून लोंबणाऱ्या त्याच्याच चिंध्या. त्याला सगळं कळलं. असं कळणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

किसन आत आला तेव्हा त्याचा कान लोंबत होता. भावाला पाहून तो आधी खाली बसला, मग उठला आणि तुटक्या दाराची फळी घेऊन सहदेवच्या पाठीवर घालू लागला. सहदेवने हात वर केला नाही. चुकवायला अंग हलवलं असतं तर बाज हलली असती. फळी मोडली, किसनने दुसरी घेतली. सहदेवच्या तोंडातून रक्त आलं, बरगड्या वाजल्या, पण खांदा जागचा हलला नाही. मैनाबाई किसनला शिव्या देत होती आणि हाताने बाळ ओढत होती.

मग पोर रडलं. किसनच्या हातातली फळी तशीच राहिली.

"पोरगी हाये," मैनाबाई म्हणाली. "जिती हाये."

सहदेवने खालूनच विचारलं, "सोडू?"

नाळ कापून झाल्यावर सत्यभामा भिंतीला धरून स्वतःच खाली उतरली, पोरीला घेऊन कोपऱ्यात बसली, आणि मग म्हणाली, "आता सोडा."

दुपारपर्यंत पाटील आला, अमरावतीला फौजदाराकडे माणूस गेला आणि सहदेवचे हात बांधले गेले. त्याने विरोध केला नाही. जाताना पोरीकडे पाहायला तो दारात थांबला, पण सत्यभामाने पदर तिच्यावर ओढून घेतला. नवऱ्याला फाशी होईल हे तिला दिसत होतं, तरी विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं की शालिकरामने बाज धरली होती.

दिवस कलता पाटलाच्या घरून दोन गडी त्यांची बाज घेऊन आले. चांगली रुंद, घट्ट विणलेली. विटाळाचा शब्द कोणी काढला नाही. मैनाबाईने त्यावर गोधडी अंथरली.

"चाल, नीज."

"परत न्या ती," सत्यभामा म्हणाली.

"येडी झाली काय? पोर खाली निजवशील?"

"पोर नाई निजत खाली. म्या निजते."

ती सारवलेल्या जमिनीवर उताणी पडली आणि पोरीला तिने आपल्या पोटावर घेतलं.