सातेरीनगरचा उजवा कौल

मंगळवारी सकाळी साडेअकराला बोअरिंगचं मशीन सातेरीनगरातून निघून गेलं आणि वस्तीने गुलाल उधळला. ट्रक वळत होता तेवढ्यात बायकांनी त्याच्यावरून लिंबं ओवाळून टाकली. ड्रायव्हर गोंधळून हात जोडत गेला. त्याला वाटलं असेल, विक्रोळीची माणसं फारच प्रेमळ बुवा.

देवळाच्या कट्ट्यावर चंद्रप्रकाश महाराज उभा होता. दोन वर्षांपूर्वी हा मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन होता. जुना पुजारी वारला, सातेरीदेवीपुढे दिवा कोण लावणार म्हणून याच्या हातात किल्ली दिली, आणि सहा महिन्यांत वॉचमनचा महाराज झाला.

"कौल लावला कधी? सोमवारी," तो म्हणाला. "मशीन पळालं कधी? मंगळवारी. आता बोला. बायपासचा प्लॅन कोण पास करतो? तिकडे एसीत बसलेले साहेब. पण फायनल सही कोणाची? आईची. तुमच्या मोबाइलची रेंज जाईल, आईचा टॉवर कायम फुल."

लोक हसले आणि लोकांनी हातही जोडले. सगळ्यात पुढे सीताराम परब होते. वय चौऱ्याहत्तर, वस्तीतले सगळ्यात जुने, आणि डोळ्यांत पाणी. त्यांची सून हेमांगी मागे नळावर हंडा भरत होती. तिने नळ बंद केला आणि बोटांवर दिवस मोजले, कारण शुक्रवार हा कागद द्यायचा शेवटचा दिवस होता.

या बायपासची वाट लोक अठ्ठावीस वर्षं बघत होते. खाडीच्या कडेने जाणारा, सगळे ट्रक वस्तीबाहेर काढणारा रस्ता. तीनदा भूमिपूजन झालं, तीनदा नारळ फुटले, रस्ता आपला कागदावरच. हेमांगीलाही तो हवाच होता. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा श्यामसुंदर छातीत कळ आली म्हणून रिक्षात बसला, आणि चौकातल्या ट्रकच्या रांगेत चाळीस मिनिटं अडकून तिच्या खांद्यावर मान टाकून गेला. या वेळी मात्र रस्ता खरोखरच निघाला, आणि निघाला तो नेमका सातेरीनगरच्या एकशेचाळीस घरांवरून. जे जुने पुरावे घेऊन शुक्रवारी पाचच्या आत पुनर्वसनाच्या ऑफिसात पोचतील त्यांना घराच्या बदल्यात घर. बाकीच्यांना काही नाही.

आणि सगळ्यांचे पुरावे कुठे? देवीच्या पाठीमागे, एका पत्र्याच्या पेटीत, कुलपात. "आईच्या राखणीत ठेवा, रस्ता वळेल. जो कागद घेऊन ऑफिसात गेला त्याने आईवर अविश्वास दाखवला, आणि त्याच्या एकट्यामुळे सगळ्यांची वाट लागेल," असं महाराजाने सांगितलं होतं. घरोघरी जाऊन ते कागद गोळा केले होते सीतारामबाबांनी. महाराजाला कोणी दिले नसते. बाबांना आठ घरं सोडून सगळ्यांनी दिले.

आता कौल म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सातेरीनगरात गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी एकच प्रश्न होता, कागद इथेच ठेवावेत काय? आणि पंधराही दिवस उजवी पडली. एकदाही चुकली नाही. त्यावर दोनशे माणसांतून एकालाही शंका आली नाही, उलट श्रद्धा वाढली. आंधळं दळत होतं.

बुधवारी रात्री जेवताना हेमांगीने पुन्हा विषय काढला.

"बाबा, आपले कागद तेवढे आणा. सही तुमची लागते, नाहीतर मीच गेले असते."

"तुका काय कळता गो?" बाबा ताटावरून नजर न काढता म्हणाले. "गावात देवाक इचारल्याबगर कोण पेरणी तरी करता? माझा लगीन कौलावर ठरला. मुंबैक इलंय तो कौल घेवन इलंय. आवस, सातेरी आय, खोटा सांगाची नाय."

"आणि रस्ता नाही वळला तर? माझ्या पगारात भाड्याची खोली तरी मिळेल का? कुठे ठेवू मी तुम्हाला?"

बाबा ताट तसंच सारून उठले. हेमांगीला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की तिने ते ताट मोरीत आपटलं, आणि मग तिथेच बसून रडली.

गुरुवारी ती पुनर्वसनाच्या ऑफिसात गेली. खिडकीशी दीप्ती नावाची तरुण इंजिनीअर बसली होती.

"मॅडम, सातेरीनगरातलं बोअरिंगचं मशीन का गेलं?"

"काम झालं म्हणून," दीप्ती म्हणाली. "पुलाचा खांब कुठे बसेल ते बघायला माती तपासतात. सतरा मीटरला खडक लागला, नमुना घेतला, गेले पुढच्या जागेवर. का हो?"

"आमच्याकडे त्याच्यावर गुलाल उधळलाय."

दीप्तीला हसू आलं, पण हेमांगीचा चेहरा बघून ते तिने आवरलं. "ताई, तुमच्याकडून नऊच फाइली आल्यात. एकशेचाळीस घरं आहेत ना? उद्या पाचला खिडकी बंद होणार, माझ्या हातात काही नाही. यादी बाहेर लावलीय, बघा."

यादीत तिसरं नाव होतं, चंद्रप्रकाश. देवळामागची खोली, पुरावे पूर्ण, अर्ज पहिल्याच दिवशी दाखल. हेमांगीने मोबाइलवर फोटो काढला. तारीख नीट दिसावी म्हणून दुसऱ्यांदा काढला.

तिला वाटलं, झालं काम. संध्याकाळच्या कौलाला तिने तो फोटो सगळ्यांसमोर धरला. चंद्रप्रकाशने तो शांतपणे वाचला, मान डोलावली आणि लोकांकडे वळला.

"होय, दिला मी अर्ज. वॉचमन कुठे बसतो? गेटवर. तुम्ही आत झोपायचं म्हणून मला शत्रूच्या दारात जाऊन बसावं लागतं. तुमच्यासाठी मी माझा धर्म बाटवला, आणि ही पोरगी त्याचा फोटो काढते."

शेजारच्या मंजुळाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. "किती सोसतात महाराज." त्याने कौल लावला. उजवी पाकळी पडली. हेमांगी गर्दीतून बाहेर पडली तेव्हा लोक तिला वाट देताना अंग चोरून उभे राहिले.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती एकच्या सुमाराला वस्तीत आली. मरोळच्या एका डॉक्टरांकडे ती ड्रेसिंगचं काम करायची. डोक्यात काही बेत नव्हता. पेटीचं कुलूप दगडाने फोडायचं आणि पडतील त्या शिव्या खायच्या, एवढंच. देऊळ उघडं होतं, महाराज मागे जेवत होता. ती पेटीकडे जाताना पाषाणापुढे थबकली.

कालच्या उजवीकडच्या पाकळ्या खाली पडून सुकल्या होत्या. डावीकडच्या अजून चिकटलेल्या होत्या. वीस तास होऊन गेले होते. पाकळी सुकून वेटोळी झाली होती, तरी सुटत नव्हती. हेमांगीने नखाने खरवडून एक काढली. तिच्या पाठीला पातळ, चकचकीत पापुद्रा होता.

तिने ती घरी नेऊन बाबांच्या तळहातावर ठेवली. "बाबा, काही म्हणत नाही मी. फक्त बोट लावून बघा."

बाबांनी पाकळीच्या पाठीवर थुंकीचं बोट फिरवलं आणि अंगठ्याने चोळलं. पुन्हा चोळलं. मग बोटाचं टोक जिभेला लावलं. संपाआधी तेरा वर्षं ते गिरणीच्या सायझिंग खात्यात होते. तिथे सुताला खळ देतात, म्हणजे पिठाची कांजी, धागा ताठ राहावा म्हणून. गिरणी जाऊन चाळीस वर्षं झाली, पण बोटं विसरली नव्हती.

"खळ आसा ही," ते हळूच म्हणाले. "मैद्याची. तेरा वर्सां काढलंय खळीत." त्यांनी पाकळी खिशात टाकली आणि चपला घातल्या. "गो, लोकांचे कागद मी जमवलंय."

दोन वाजता त्यांनी स्वतः घंटा वाजवून वस्ती गोळा केली. चंद्रप्रकाश हात पुसत बाहेर आला.

"महाराज, आज कौल मी लावतंय," बाबा म्हणाले.

"तुम्ही? अहो, त्याला अधिकार लागतो, सोवळं लागतं."

"गावात माझो आजो कौल लावी." बाबांनी नळाचं पाणी घेतलं, पाषाण पुसला, उजवीकडची पेटती समई उचलून लांब ठेवली, आणि दोन्ही बाजूंना फक्त पाण्याने पाकळ्या लावल्या. प्रश्न काही विचारला नाही. सगळे टाचा उंचावून बघत होते. पहिली डावी पडली. मग दोन उजव्या, मग उरलेली डावी.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. हेमांगी पुढे आली. ज्यांत बुडवून महाराज पाकळ्या चिकटवायचा त्या देवीसमोरच्या दोन वाट्या तिने उचलल्या. उजव्या हाताच्या वाटीत पाणी होतं. डाव्या हाताच्या वाटीत पांढरट काहीतरी होतं, त्याला महाराज दूध म्हणायचा. तिने कापसाचे दोन बोळे त्यांत बुडवले आणि पर्समधून जखमेवर लावायचं तपकिरी औषध काढलं.

"हे आयोडीन. पीठ असेल तिथे काळंनिळं होतं. शाळेत बटाट्यावर टाकलं असेल तुम्ही."

पाण्याच्या बोळ्यावर थेंब पडला, तपकिरीच राहिला. दुधाच्या बोळ्यावर पडला आणि बोळा शाईत बुडवल्यासारखा झाला.

चंद्रप्रकाशची अक्कल मात्र दाद द्यावी अशी. एका दमात तो ओरडला, "बघा, काळा रंग. आईने कालीचं रूप दाखवलं."

हेमांगीने मंजुळाकाकूंच्या हातातला नैवेद्याच्या भाताचा डबा घेतला, झाकणावर चार शितं ठेवली आणि त्यांवर थेंब टाकला. तीही काळीनिळी झाली. "मग काकूंच्या भातातही कालीच आली म्हणायची," ती म्हणाली. "ऐका सगळे. उजवीकडे नुसतं पाणी, आणि शेजारी समईची धग. पाणी पाच मिनिटांत सुकतं, पाकळी पडते. डावीकडे मैद्याची खळ. ती सुकली की जास्तच घट्ट धरते. प्रश्न कुठलाही विचारा, उत्तर उजवंच. आणि मशीन पळालं नाही, त्याचं काम झालं म्हणून गेलं. देवीने तुम्हाला काही सांगितलेलं नाही. या माणसाने सांगितलं, आणि त्याचा स्वतःचा अर्ज पहिल्या दिवशी गेलाय, कारण आपल्या कौलावर त्याचाच विश्वास नव्हता."

कोणीतरी चंद्रप्रकाशची गचांडी धरली. त्याने किल्ली काढून दिली. आता मारामारी करायलाही कोणाकडे वेळ नव्हता, अडीच वाजले होते.

पेटी उघडली आणि झुंबड उडाली. कागद फाटायची वेळ आली तेव्हा बाबा पेटीवर आडवे झाले. "नाव घेतंय तसा फुडे येवा," ते म्हणाले, आणि एकेकाचं नाव वाचून, कागद तपासून देत राहिले. हेमांगी मागून त्यांच्या खांद्याला धरून हलवत होती. "बाबा, आपले घ्या आधी. चला ना हो."

"जमवलंय मी. आपले शेवटाक."

शेवटचे त्यांचे निघाले तेव्हा पावणेचार झाले होते. रिक्षा चौकात अडकली. समोर तेच ट्रक, तीच रांग. हेमांगीने दहा मिनिटं वाट पाहिली, मग बाबांना खाली उतरवलं आणि त्यांचा दंड धरून चालायला लागली. बाबांना धाप लागत होती, ती त्यांना ओढत होती, आणि ओढताना त्यांच्यावर ओरडत होती. याच रस्त्यावर तिच्या आयुष्याची एकदा वाट लागली होती.

ऑफिसात रांग जिन्यापर्यंत आली होती. पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा बाबांच्या पुढे आठ माणसं होती आणि मागे, चौकातल्या रिक्षांत जास्त वेळ अडकलेली, बेचाळीस.

दीप्तीने बाहेर येऊन सांगितलं, "अर्ज आता मुदतीनंतरचा धरला जाईल. उशीर का झाला ते लिहून द्या, मी आवकवहीत नोंदवून पोच देते. मंजूर होईलच असं मी सांगणार नाही."

एक्कावन्न घरं फुटपाथवर बसून अर्ज लिहू लागली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे हेमांगीने लिहिले. उशिराचं कारण काय लिहायचं, इथे प्रत्येकाचं पेन अडलं. तिने सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं, आमची फसवणूक झाली आणि आम्ही ती तपासून पाहिली नाही. त्याबरोबर पोलिसांकडे करायच्या तक्रारीवरही सह्या घेतल्या.

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यावर इथे वाद नाही. पण घर, औषध, पोराचं शिक्षण, अशा गोष्टी कोणी पाकळीवर ठरवायला सांगितलं तर निदान त्या पाकळीच्या पाठीला बोट लावून बघा. विचारायला लाज वाटते, ती पंधरा मिनिटांची. न विचारल्याचं जे भोगावं लागतं त्याला मुदत नसते.

मंजुळाकाकूंचा नंबर बाबांच्या मागेच होता. अर्जावर अंगठा उठवून झाल्यावर त्या बाबांच्या जवळ सरकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, आता तो मेला खोटारडा गेला. तुमचा हात खरा. उद्या तुम्हीच आईला एक कौल लावून बघा ना, आपले अर्ज मंजूर होतील काय ते."

हेमांगीच्या हातातलं पेन थांबलं. बाबांनी घाम पुसला आणि ऑफिसच्या दाराकडे बोट दाखवलं.

"आवशीक ह्यातला काय म्हायती नाय गो, मंजुळा," ते म्हणाले. "थंय जा आणि अर्जाची पोच घे."