पायातले पाढे

चंद्रकला चौथीत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर शाळा बंद, असं घरात ठरलं होतं. ठरवलं होतं तिच्या आत्यानं, गोदूबाईनं. गोदूबाई विधवा होती आणि भावाकडेच राहत होती. पाचपावलीतल्या त्या घरातल्या दोन हातमागांपैकी एक तिचा होता. आता तिची कंबर धरत होती आणि त्या मागावर बसायला घरातलं कोणीतरी हवं होतं. पोरगी बारा वर्षांची झाली होती. गोदूबाईचं म्हणणं एवढंच होतं, की जी पोरगी परीक्षेत कोरा कागद देऊन येते तिच्यापुढे नवे कागद ठेवण्यात अर्थ नाही.

चंद्रकलेचे वडील मारोतराव यांचं बहिणीपुढे फारसं चालत नसे. त्यांनी एक वर्ष मागून घेतलं. ते वर्ष १९५३-५४ चं.

अडचण अशी, की पोरगी ढ नव्हती. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, तेव्हाच्या मध्य प्रदेशाचे जिल्हे, सगळं तिला पाठ होतं. वर्गात साठ पोरी एका सुरात ओरडत, तेव्हा हिचा आवाज सगळ्यांच्या पुढे असे. परीक्षेच्या सकाळी मात्र तिचे हातपाय गार पडायचे. टाक बोटांतून निसटायचा. कागदावर शाईचा एक डाग पडायचा आणि बहुधा तेवढंच पडायचं.

उपायांची कमतरता नव्हती. वैद्यानं डोक्याला ब्राह्मीचं तेल दिलं. शेजारच्या रुपरावांनी दृष्ट काढायला सांगितली. उमरेडच्या मामानं पहिल्या वर्षी परीक्षेला जाताना दही-साखर द्या म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या वर्षी देऊ नका म्हणून सांगितलं. दोन्ही वर्षांचा निकाल सारखाच लागला.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या बाई, शोभाताई, घरी आल्या. त्या गल्लीत घराघरात माग होते आणि दारातून आत जाईपर्यंतच शोभाताईंना ओरडून बोलावं लागलं. मारोतराव आणि गोदूबाई आपापल्या मागावर होते. शोभाताईंनी चंद्रकलेला तेविसाचा पाढा विचारला. तिनं तो न अडखळता म्हटला. एकोणतिसाचा विचारला, तोही म्हटला. सतराच्या पाढ्यात एक चूक झाली, पण ती अडखळून नव्हे, ठणठणीत आवाजात झाली. शोभाताई तिला सव्विसाचा विचारत होत्या तेव्हा गोदूबाई पाणी प्यायला उठली आणि त्याच सुमारास मारोतरावांचा धागा तुटला. घरचे दोन्ही माग थांबले. चंद्रकलाही थांबली. मारोतरावांनी धागा जोडला, माग सुरू झाला, आणि पाढा होता तिथून पुढे निघाला.

शोभाताईंना चहा दिला होता. तो निवला तरी त्या दुसरा धागा तुटायची वाट पाहत बसल्या. तो तुटला तेव्हा पाढाही तुटला.

मग त्यांनी चंद्रकलेला जवळ घेऊन विचारलं, की परीक्षेच्या खोलीत नेमकं होतं काय. आजवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळे काहून लिहीत नाहीस असंच विचारत.

"तिथं कोणीच बोलत नाही, बाई," ती म्हणाली. "मंग माह्याच छातीतली धडधड मले ऐकू येते. तिच्या आवाजात पाढे ऐकूच येत नाही."

शोभाताईंनी सांगितलं, पोरीला शांततेची सवय लागली पाहिजे. हे सांगणं सोपं होतं. घरचे दोन माग बंद केले तरी भिंतीपलीकडे रुपरावांचे चालू राहत आणि त्यांच्या पलीकडे आणखी कोणाचे. मारोतराव संध्याकाळी घरोघरी गेले. पोरीच्या शिक्षणासाठी दिवेलागणीला एक तास सगळ्या गल्लीनं माग बंद ठेवावेत, अशी विनंती त्यांनी केली. पोरीचा विषय असल्यानं कोणी नाही म्हटलं नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळे माग एकदम थांबले. कोपऱ्यावरचा एक म्हातारा दचकून जागा झाला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला. रुपरावांच्या सासूबाई जावयाबद्दल जे काही बोलायच्या ते वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात बोलत आल्या होत्या. त्या दिवशीही त्या तेच बोलल्या, आणि तेवढ्याच मोठ्यानं. रुपरावांना पहिल्यांदा सगळं ऐकू आलं. गल्लीलाही आलं. रुपरावांनी उत्तर दिलं, तेही गल्लीला ऐकू आलं. दुसऱ्या संध्याकाळी आणखी दोन घरांत असंच झालं. तिसऱ्या संध्याकाळी कोणाच्या घरात भांडण चालू आहे यापेक्षा कोणाच्या घरात नाही हे सांगणं सोपं झालं. त्यानंतर रुपराव मारोतरावांच्या दारात आले आणि त्यांनी हात जोडले.

"पोरगी शिकली पाहिजे गा, मारोतराव," ते म्हणाले. "पण माह्या घरात मले राह्यचं हाय."

गल्लीचे माग पुन्हा सुरू झाले. चंद्रकला त्या तीन दिवसांत पाटी घेऊन गार हातांनी बसली होती. रुपरावांच्या सासरची सगळी माहिती तिला झाली होती. पाढा एकही झाला नव्हता.

मारोतरावांचा उपाय असा गल्लीभर फसल्यावर गोदूबाईला अडवणारं कोणी उरलं नाही. संक्रांत झाली तशी तिनं सांगून टाकलं, की पोरीनं शाळेत खुशाल जावं, पण संध्याकाळी मागावर बसावं. आज ना उद्या बसायचंच आहे. चंद्रकला बसली. मागाखालच्या खड्ड्यातल्या पावड्यांपर्यंत तिचे पाय जेमतेम पोचत. डावी पावडी दाबायची, धोटा फेकायचा, फणी ठोकायची, मग उजवी. पहिल्या आठवड्यात तिनं कापडापेक्षा तुटके धागेच जास्त तयार केले. गोदूबाई मागे बसून कंबर चोळत तिला बोल लावायची.

पाय जसे बसत गेले तशी पोरीची तोंडातल्या तोंडात पुटपुट सुरू झाली. डाव्या पावडीला तेवीस एके तेवीस, उजवीला तेवीस दुणे सेहेचाळीस. गोदूबाई शाळेत कधी गेली नव्हती. आता शाळाच रोज संध्याकाळी तिच्या नाकासमोर भरत होती आणि तिला उठून जाता येत नव्हतं.

अमावस्येला माग बंद ठेवायची त्या गल्लीची रीत होती. माघातल्या अमावस्येला दुपारी गोदूबाई आतल्या खोलीत आडवी झाली होती. रुपरावांच्या सासूबाई कामठीला दुसऱ्या लेकीकडे गेलेल्या असल्यानं गल्ली खरोखरच शांत होती. त्या शांततेत मागाच्या खोलीतून बारीक आवाजात एकोणतिसाचा पाढा येऊ लागला. तो थांबला नाही. मागून अठ्ठाविसाचा आला.

गोदूबाई कंबर धरून उठली आणि दारात गेली.

"काय करून राहिली वं? अवसेले मागाले पाय लावला काय?"

"लावला नाही, आत्या. खाली जमिनीवर चालवून राहिली."

चंद्रकला भिंतीला टेकून स्टुलावर बसली होती. पाय जमिनीवर होते. आधी डावा पंजा दबत होता, मग उजवा. पायांचा आवाज तोरड्यांच्या किणकिणीएवढाच होता. मांडीवर पाटी होती आणि ती अक्षरांनी भरली होती. गोदूबाईनं तिचा हात धरून पाहिला. हात ऊन होता.

हे पाहणारी गोदूबाई एकटीच होती. ती गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं, आणि एप्रिलनंतर मागाला माणूस मिळालं असतं. संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं, की बाईंना बोलावून आण.

"काहून?" मारोतरावांनी विचारलं.

"पोरगी मागावर नुस्ते धागे तोडते. तिचं काम तिकडंच हाय."

शोभाताई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्या पोटभर हसल्या. परीक्षा दुसऱ्या एका मोठ्या शाळेत होती आणि तिथे पट्ट्यांवर नाही, बाकांवर बसायचं होतं. शोभाताईंना त्याचीच आजवर काळजी होती. आता त्याचाच आनंद झाला, कारण बाकाखाली पाय मोकळे राहणार होते. त्यांनी एकच सूचना दिली. चंद्रकलेच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या त्या दिवशी घरी ठेवायच्या.

गणिताच्या पेपराला देखरेखीवर मनोहरराव नावाचे गुरुजी होते. नकला पकडण्यात त्यांचं नाव होतं. चिठ्ठी कुठे कुठे असू शकते, याबद्दल त्यांचा अनुभव मोठा होता. तासाभरानं त्यांना तिसऱ्या ओळीत एक पोरगी दिसली, जिची मान, खांदे आणि डोळे जागच्या जागी होते, आणि पाय मात्र खाली एकसारखे हलत होते. ते मागून येऊन उभे राहिले. पाय वर कर म्हणाले. तिनं केले. पायाखाली काही नव्हतं. तळव्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बाकाखाली वाकून पाहिलं. तिथेही फरशीच होती.

"पाय न हलवता लिही," असं सांगून ते तिथेच उभे राहिले.

पाय थांबले. खोलीत साठ-सत्तर टाकांची करकर होती, आणि मग चंद्रकलेला तीही ऐकू येईनाशी झाली. छातीतली धडधड वर आली. टाकाच्या टोकाशी शाई जमली आणि डाग पडायच्या बेतात आली. दोन वर्षं ती याच जागी थांबली होती आणि दोन्ही वर्षं कोणाशी बोलली नव्हती.

तिनं टाक दौतीत ठेवला आणि मान वर केली.

"गुरुजी, पाय बंद केले का माहे पाढे बंद पडतात."

आसपासच्या पोरी हसल्या. मनोहरराव हसले नाहीत. परीक्षेचे नियम त्यांना तोंडपाठ होते आणि ते त्यांनी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिले. हातांबद्दल नियम होता, तोंडाबद्दल होता, डोळ्यांबद्दलही होता. पायांबद्दल नव्हता.

"आवाज नको," ते म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे गेले.

उरलेल्या वेळात त्यांनी चंद्रकलेकडे दोनदा वळून पाहिलं. शेजारच्या दोन मुलीही पाय हलवून पाहत होत्या. त्यांना त्याचा उपयोग झाल्याचं दिसलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी शोभाताई स्वतः सांगायला निघाल्या. चंद्रकला पास झाली होती. गणितात तिला चांगले गुण होते. एका उदाहरणात सात टोपल्या होत्या, प्रत्येकीत सतरा संत्री होती, आणि एकूण संत्री तिनं एकशे अठरा लिहिली होती. रीत बरोबर, उत्तर चूक.

शोभाताई दारात पोचल्या तेव्हा चंद्रकला घरात नव्हती. निकाल ऐकावा लागू नये म्हणून ती रुपरावांच्या सासूबाईंकडे जाऊन बसली होती. मारोतराव तिला आणायला धावले. गोदूबाई आपल्या मागावर होती. तिला कंबरेचा पट्टा बांधला होता आणि पाय सावकाश चालत होते. शोभाताईंनी पास झाल्याचं ओरडून सांगितलं. गोदूबाईनं मान हलवली, पण माग थांबवला नाही. पावड्यांच्या ठोक्यावर तिचे ओठही हलत होते. शोभाताई जरा जवळ गेल्या.

"सतरा सक एकशे दोन," गोदूबाई म्हणत होती. "सतरा साते एकशे अठरा."

"एकशे एकोणीस, गोदूबाई. चंद्रकलेनंही पेपरात संत्री एकशे अठराच लिहिली."

गोदूबाईनं माग थांबवला. धोटा हातात धरून ती विचार करत बसली. पोरीनं विणलेला कापडाचा तुकडा तिच्यामागे खुंटीला लटकत होता. त्यात जागोजागी वीण सैल पडलेली होती, आणि पाचवीच्या दप्तरासाठी तो बाजूला काढून ठेवलेला होता.

"मंग एक संत्रं पोरीनं खाल्लं असन," ती म्हणाली, आणि डावी पावडी दाबली.