साबणानं काळा होणारा डाग

मी एक दुपटं. लक्ष्मीबाईच्या जुन्या लुगड्यातून फाडलेलं, दोन पदरी. बहात्तरच्या दुष्काळात सोयगावजवळच्या एका खेड्यात तिला कडुबा झाला आणि मी त्याच्याखाली आलो.

कडुबानं ओलं केलं की थोड्या वेळानं मी काळपट पडे. साबण लावला की डाग आणखी गडद होई. पाणी दोन कोसांवरून यायचं. सासू म्हणायची, "हंडाभर पाणी घातलं, आन् दुपटं हे असं! माझ्याच भावाची लेक तू, पर धुण्याला हात नाय तुझा."

शेवटी लक्ष्मीबाईनं मला ट्रंकेच्या तळाशी दडवलं.

पुढं कडुबा आईला आणि ट्रंकेला घेऊन कामासाठी शहरात आला. शहर वाढत गेलं आणि चाळिशीतच त्याची पाठ वाकत गेली, गुडघे धरले. पुन्हा दुष्काळ पडला त्या साली त्याची बायको चंपा शहागंजातल्या डॉक्टर हेमचंद्रांकडून परत आली.

"आत्याबाई, डॉक्टरसाहेबांना ह्यांचे कान काळपट दिसले. इचारत होते, ल्हानपणी दुपट्यावर काळे डाग पडायचे का?"

"नाय बाई. माझं धुणं लई लख्ख असायचं."

लक्ष्मीबाई त्याच ट्रंकेवर बसली होती. मी तिच्याखाली आत होतो, पण कापडाला तोंड कुठलं?

ते ऐकून डॉक्टरांनी शंका सोडली. लिहून दिलं, पाणी भरपूर प्या. चंपा म्हणाली, "टँकर आठ दिसांनी येतो. त्यांनाच म्हणावं, एक घागर धाडा!"

गेल्या वर्षी लक्ष्मीबाई गेली. चंपानं ट्रंक उपसली, माझे काळे डाग पाहिले आणि मला तसंच डॉक्टरांपुढं ठेवलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "मी तेव्हाच तपासायला हवं होतं. आईच्या एका 'नाही'वर थांबलो."

बाटलीत ठेवलेली कडुबाची लघवी संध्याकाळपर्यंत काळी झाली. मोठ्या तपासणीत आजाराचं नाव कळलं, अल्काप्टोन्युरिया. आईबाप नात्यातले, दोघांकडूनही आलेला. शरीरात एक पदार्थ जिरत नाही, तो कानांत, सांध्यांत साठतो. झालेली झीज भरून येत नाही.

कडुबानं एवढंच विचारलं, "म्हंजी आईचा हात कमी पडत नव्हता?"

"नाही. तो डाग साबणानंच काळा होतो."

कडुबानं मला डोळ्यांना लावलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा ओला झालो.

आता मी त्याच्या उशाशी असतो. तुमच्या ट्रंकेत असं एखादं लाजेनं दडवलेलं कापड असेल, तर ते बाहेर काढा. मला मात्र आता कुणी धुऊ नका.