आईच्या हातचा घेवडा

प्रयोगशाळेतल्या थंड कपाटातली कुंडी लेकीने बाहेर काढून उजेडात धरली. घेवड्याच्या कोवळ्या पानांवर ओलसर ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पिवळट वर्तुळ. झाडांचे रोग तपासता तपासता तिचे केस पिकायला लागले होते. हे वर्तुळ ओळखायला तिला भिंग लागलं नाही.

कुंडीत पेरलेलं बी आईचं होतं. गेल्या हंगामात आई गेली, जाताना बियांचा डबा बाबांच्या हाती देऊन म्हणाली, "वाण तुटू देऊ नका." आता तोच डबा मांडीवर घेऊन बाबा समोर बसले होते. पेरायचं की जाळायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"जाळावं लागेल, बाबा."

"अगं, पण गेल्या वर्षी बरा झाला होता की! गारठ्यात पिवळा पडला आणि उन्हं तापल्यावर हिरवागार. तुझी आई म्हणाली, बघा, माझ्या हाताला गुण आहे."

तिथेच तर सगळे फसले होते.

"हा जंतू गारव्यात विष बनवतो. स्वतः बसतो ठिपक्यात, पण विष रसाबरोबर पार शेंड्यापर्यंत जातं. पानाला जगायला जे लागतं, ते त्याला बनवूच देत नाही. पान पिवळं पडतं, झाडाची ताकद जाते, आणि जंतूला रान मोकळं. ऊन वाढलं की विष बनायचं थांबतं, नवी पानं हिरवी येतात. जंतू मात्र कुठे जात नाही. शेंगेत शिरतो, बियांत राहतो."

"म्हणजे बरा झालाच नव्हता."

"नुसता दिसत होता."

बाबा डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिले. "आणि एका झाडावरून सगळ्या वाफ्यात कसा गेला? पाय फुटले की काय त्याला?"

प्रश्न सरळ होता. रोगट ओल्या पानाला लागलेला हात तसाच पुढच्या झाडाला लागला, की झालं. आणि आई आजारपणातही, डॉक्टरांना न जुमानता, रोज सकाळी दव असतानाच वाफ्यात जायची. जित्याची खोड! रोपारोपाला गोंजारायची, "ऊठ रे बाळा" म्हणायची. "आमच्या वाट्याला कधी एवढे लाड आले नाहीत," असं म्हणून घरचे तिला चिडवायचे. चुकीचं निदान लेकीने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

"पावसाने," ती म्हणाली. "वाऱ्या-पावसाने पसरतो तो. कुणाचा दोष नसतो त्यात."

दोषाचं कुणी विचारलंच नव्हतं. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलताना तुझी आईपण अशीच खाली बघायची," ते म्हणाले. "दवात फिरायची ती. मी रोज ओरडायचो, गारठा बाधेल तुला. तिलाच बाधेल, असं वाटायचं."

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात रोगट झाडं जाळायची भट्टी होती. बाबांनी डबा दुसऱ्या कुणाला उचलू दिला नाही. बियांत मनगटापर्यंत हात घातला, एकदा सगळ्या बिया वरखाली केल्या आणि मग मूठ मूठ करून आगीत सोडल्या.

"आता हात धुवावे लागतील ना?"

"हो बाबा. साबण लावून."

बाबा नळापाशी जाऊन उभे राहिले. नळ मात्र त्यांच्याच्याने सोडवेना. शेवटी लेकीनेच तो सोडला, आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.